एकाच शिवारात तीन तऱ्हेची माती: जमिनीचा वापर, सूक्ष्मजीव आणि सुपीकता

प्रश्न थोडक्यात असा: जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात एकाच गटात सात एकर काळी जमीन. तीन एकरांत दहा-बारा वर्षं केळीवर केळी, ठिबकावर. साडेतीन एकरांत कपाशी, बहुतेक कोरडवाहू. नाल्याकडेचा अर्धा एकर कडुनिंब-बाभळीखाली कायमचा पडीक. पडिकातली माती मुठीत भुसभुशीत होते, कपाशीच्या वावरात ढेकळं निघतात, केळीत खत वाढवूनही घड हलका होत चाललाय. माती परीक्षणात तिन्हीकडचे नत्र-स्फुरद-पालाशाचे आकडे फार वेगळे नाहीत. जिवाणू खताच्या बाटल्या दोन वर्षं ठिबकातून सोडल्या, फरक दिसला नाही. चुकतंय कुठे?

उत्तर: बाटली बहुधा वाईट नव्हती. पण कोणते सूक्ष्मजीव जमिनीत टिकतील आणि किती काम करतील हे त्या जमिनीचा वापर ठरवतो. तिथे वर्षातले किती महिने जिवंत मूळ असतं, काडीकचरा किती परत जातो, नांगर-रोटाव्हेटर किती वेळा फिरतो, ओल किती आणि हवा किती, यावर सगळं अवलंबून आहे. तुमच्या गटात माती एकच असली तरी वापर तीन तऱ्हेचे आहेत, म्हणून आतली सूक्ष्मजीवसृष्टीही तीन तऱ्हेची आहे. परीक्षणाचा कागद साठा दाखवतो. त्या साठ्यातून मुळापर्यंत काय आणि किती वेगाने पोहोचतं, हे त्यावर लिहिलेलं नसतं.

आधी बाटलीचा हिशोब करू. काळ्या मातीचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर एकरी साधारण ८ लाख किलो भरतो, म्हणजे ८० कोटी ग्रॅम. एका ग्रॅम मातीत कमीत कमी १० कोटी जिवाणू धरा. बरी माती असेल तर याहून जास्त असतात. चांगल्या प्रतीच्या द्रवरूप संवर्धकात एका मिलिलिटरला १० कोटी जिवाणू असावे लागतात, म्हणजे लिटरभरात १० हजार कोटी. आकडा मोठा वाटतो, पण एकरात आधीपासून असलेल्या जिवाणूंशी त्याचं प्रमाण आठ लाखांस एक असं पडतं. हे नवखे जिवाणू भुकेल्या, तापलेल्या किंवा कोंदट मातीत पडले की काही आठवड्यांत संपतात किंवा निपचित पडतात. आधीच्यांनाच जिथे खायला नाही, तिथे पाहुणे टिकत नाहीत.

आता खाण्याचा हिशोब. सेंद्रिय कर्ब (कार्बन) ०.५ टक्के असेल तर त्या ८ लाख किलो मातीत ४,००० किलो कर्ब आहे. त्यातला साधारण १ ते ४ टक्के भाग जिवंत सूक्ष्मजीवांच्या शरीरात असतो, म्हणजे एकरी ४० ते १६० किलो. त्यांच्या शरीरात कर्बाच्या मानाने नत्र सुमारे एक-अष्टमांश असतो. म्हणजे ५ ते २० किलो नत्र कोणत्याही क्षणी जिवंत स्वरूपात साठलेलं असतं. सूक्ष्मजीव मरतात, त्यांना दुसरे खातात, आणि नत्र थोडं थोडं मुळांच्या हाती लागतं. हा साठा पाण्याने वाहून जात नाही, हवेत उडत नाही. तुमच्या पडीक तुकड्यात हा फेरा व्यवस्थित चालू आहे. कपाशीत तो वर्षातले पाच-सहा महिने बंद पडतो. केळीत तो एकांगी झालाय.

पडिकाचं आधी सांगतो, कारण बाकीच्या दोन्ही वावरांना तोच नमुना लावून पाहायचा आहे. तिथे नांगर नाही, त्यामुळे बुरशीचे तंतू तुटत नाहीत. हे तंतू आणि जिवाणूंचा डिंकासारखा स्राव मातीचे कण बांधून रवा तयार करतात. झाडाच्या आणि गवताच्या मुळांतून वर्षभर थोडी साखर पाझरत राहते. पाल्याचं आच्छादन असल्याने मे महिन्यातही माती सावलीत राहते. आपल्याकडे उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग मे महिन्यात ५० अंशांच्या वर जातो. त्या तापमानात वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये कामाचं फारसं काही जिवंत राहत नाही. सातपुड्यात अंजन-सलईच्या रानात पाल्याखालची माती हातात घेऊन पाहा, तिथेही हेच कारण आहे. अशी जमीन फोडून शेतीत आणली की काही दशकांत तिच्या सेंद्रिय कर्बाचा मोठा भाग, साधारण पाचव्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत, निघून जातो. उघडी आणि भुसभुशीत केलेली माती जास्त श्वास घेते, आणि परत काही मिळत नाही.

कपाशीचं वावर

इथली मुख्य अडचण रिकाम्या काळाची आहे. डिसेंबर-जानेवारीत वेचण्या संपल्या, पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) चिमट्याने उपटली, सरपणाला नेली किंवा बांधावर पेटवली, नांगरट झाली, आणि जूनपर्यंत वावर उघडं. पाच-सहा महिने एकही जिवंत मूळ नाही. मायकोरायझा ही मुळांवर जगणारी बुरशी; यजमान मूळ नसेल तर तिचे बीजाणू हळूहळू कमी होतात. कपाशी या बुरशीवर चांगलीच अवलंबून असते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद चुन्याशी बांधलेला असतो आणि सामू (पीएच) ८ च्या वर गेला की जस्त व लोहही अडकतात. बुरशीचे तंतू मुळाच्या पोहोचेपलीकडून हे आणून देतात. लांब पडीक काळानंतर पेरलेली कपाशी पहिले ३०-४० दिवस खुंटलेली, पानं लहान, रंग फिकट अशी दिसते, आणि आपण डीएपी वाढवतो. स्फुरद जास्त झाला की ही बुरशी मुळावर आणखी कमी बसते. दरवर्षी खताचा डोस चढत जातो तो असा.

दुसरी गोष्ट पहिल्या पावसाची. तापलेल्या कोरड्या मातीवर मृगाचा पाऊस पडला की मेलेल्या सूक्ष्मजीवांवर वाचलेले तुटून पडतात आणि दोन-चार दिवसांत बराच नत्र एकदम मोकळा होतो. त्या वेळी वावरात मूळ नसलं तर हा नत्र पुढच्या मोठ्या पावसात खाली निघून जातो. ओल पुरेशी झाली की पेरणीत आठवडाभर रेंगाळू नये, याचं एक कारण हे. मात्र यासाठी मे महिन्यातच कपाशी लावायचा मोह नको. गुलाबी बोंडअळीला त्याने पूल मिळतो, आणि तो तोटा मोठा आहे.

तिसरी गोष्ट नांगरटीची. उन्हाळी खोल नांगरटीने अळीचे कोष उघडे पडतात, हे खरं आहे. पण दरवर्षी खोल नांगरट, त्यावर रोटाव्हेटरच्या दोन पाळ्या, यामुळे रवा मोडून पीठ होतं, आणि पावसात त्या पिठाची खपली होते. शिवाय ओलसर काळ्या मातीत रोटाव्हेटर फिरवला की १२ ते १५ सेंटिमीटरवर चोपडलेला कडक थर तयार होतो. त्याखाली ना हवा जाते ना मूळ. वाफसा (ना चिखल ना कोरडी अशी मशागतीजोगी ओल) नसताना यंत्र घालणं ही काळ्या जमिनीतली सगळ्यांत महाग चूक आहे. तीन वर्षांतून एकदा नांगरट, बाकी वर्षी वखराच्या पाळ्या, हे पुरेसं होतं. कडक थर आधीच झाला असेल तर एप्रिल-मेमध्ये माती पूर्ण कोरडी असताना सबसॉयलर घालावा. ओल असताना घातला तर थर फुटत नाही, नुसती चीर पडते.

पऱ्हाटीचं काय करायचं, हा कपाशीतला खरा प्रश्न आहे. एकरी साधारण एक ते दीड टन वाळलेली पऱ्हाटी निघते. जाळली की त्यातला नत्र जवळजवळ सगळा हवेत जातो, कर्बही जातो, राखेत पालाश आणि थोडा स्फुरद उरतो. यंत्राने कुट्टी करून जमिनीत परत देणं चांगलं, पण तीन अटी पाळा. एक, डिसेंबरअखेर पीक संपवा, फरदड (वेचण्यांनंतर लांबवलेलं पीक) ठेवू नका, आणि आधी शेळ्या-मेंढ्या चारून घ्या. न उमललेल्या कवड्यांत बोंडअळी दडलेली असते. दोन, कुट्टी बारीक हवी, बोटभर लांबीचे तुकडे किंवा त्याहून लहान. तीन, पऱ्हाटीत कर्ब भरपूर आणि नत्र कमी असतो. ती कुजवताना सूक्ष्मजीव मातीतला नत्र ओढून घेतात, आणि तेव्हा उभं पीक असेल तर ते पिवळं पडतं. म्हणून टनाला ८ ते १० किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कंपोस्ट संवर्धक द्यावं, ओल असताना मातीत मिसळावं, आणि पुढच्या पेरणीला दोन-तीन महिने असावेत.

कोरडवाहू वावरात जानेवारीनंतर ओलच नसते, तिथे कुट्टी गाडून ती कुजत नाही. जूनपर्यंत तशीच पडून राहते, उधईला खाद्य होतं आणि पेरणीनंतर नत्र खाते. अशा ठिकाणी कुट्टी बांधाच्या कडेला ढिगात, शेणकाल्याचे थर देऊन, पाण्याची सोय असेल तिथे कुजवा. ढीग साधारण १.२ ते १.५ मीटर उंच ठेवा, हातात दाबली की बोटं ओली व्हावीत पण पाणी गळू नये एवढी ओल राखा, आणि महिन्याने एकदा पलटवा. चार महिन्यांत वापरण्याजोगं खत होतं.

आणि बेवड, म्हणजे पिकांची फेरपालट. तापी आणि बुराईच्या काठच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात मूग-उडीद आणि त्यावर रब्बीत दादर ज्वारी, हा जुना क्रम सूक्ष्मजीवांच्या दृष्टीने फार उत्तम आहे. मूग-उडदाच्या मुळांवरच्या गाठी नत्र देतात, पाला पटकन कुजतो. दादरची मुळं खोल आणि दाट असतात. मुळांतून आलेला कर्ब वरून टाकलेल्या काडीच्या कर्बापेक्षा जमिनीत जास्त काळ टिकतो, आणि ज्वारी ही मायकोरायझाची चांगली यजमान आहे. म्हणून साडेतीन एकरांपैकी दरवर्षी एक एकर तरी या क्रमात फिरवा. उरलेल्या कपाशीत दोन ओळींमध्ये मूग किंवा उडदाची एक ओळ टाका. ६०-६५ दिवसांत शेंगा तोडून झाड तिथेच वखराने मातीत मिसळा. पैशाच्या हिशोबाने कपाशीच हवी असं वाटलं तरी, निदान कपाशी आणि मूग मिळून दोन तऱ्हेची मुळं जमिनीला मिळतात.

केळीचं वावर

इथे उलट आहे. ओल वर्षभर, मूळ वर्षभर, खतही भरपूर. तरी घड हलका होतो, याची कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून सावकाश पाहू.

शिफारस झाडाला २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद, २०० ग्रॅम पालाश आणि १० किलो शेणखत. दीड बाय दीड मीटरवर एकरी १,७७७ झाडं बसतात, म्हणजे एकरी सुमारे ३५५ किलो नत्र. ही शिफारस झाली. शिवारात प्रत्यक्षात यापेक्षा जास्त पडतं आणि शेणखतच तेवढं राहून जातं. मग सूक्ष्मजीवांना नत्र भरपूर आणि कर्ब नाही, अशी स्थिती येते. युरियापासून झालेल्या अमोनियमचं नायट्रेट करणारे जिवाणू मात्र जोरात असतात, कारण त्यांचं खाद्यच अमोनियम. नायट्रेट तयार होतं, ते शरीरात बांधून ठेवणारं कोणी नसतं, आणि ते पाण्याबरोबर खाली जातं किंवा कोंदट मातीत वायू होऊन उडतं. खत वाढवलं की हा तोटाही वाढतो. घडाचं वजन खताबरोबर चढत नाही, याचं पहिलं कारण हेच धरा.

दुसरं कारण पाणी. ठिबक दररोज चालल्याने ड्रिपरखालचा गोळा कधी वाफशावर येतच नाही. काळ्या मातीत पाणी मुरायला वेळ लागतो, हवेची पोकळी कमी. ड्रिपरपासून एक वीत अंतरावर फावड्याने ३० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि मातीचा वास घ्या. चांगल्या मातीला पहिल्या पावसासारखा वास येतो. तो ॲक्टिनोमायसीट्स गटातल्या जिवाणूंचा असतो आणि हवा खेळते याची ती खूण आहे. आंबूस किंवा सडका वास, निळसर-राखाडी डाग, काळपट लिबलिबीत मुळं दिसली तर तिथे हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचं राज्य आहे. वेळ कमी करा, एक दिवसाआड पाणी द्या, आणि पुढच्या लागवडीला गादीवाफे करून लॅटरल (ठिबकाच्या नळ्या) दोन घ्या, म्हणजे तेवढंच पाणी जास्त मातीत पसरेल. उन्हाळ्यात पाणी फार कमी करायला मी सांगत नाही. पण मातीची ओल न बघता केवळ घड्याळावर पंप चालवणं थांबवा.

तिसरं कारण तेच मूळ पुन्हा पुन्हा. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) असो की कांदेबाग (पावसाळ्यानंतरची), त्यावर पिलबाग (त्याच कंदाच्या पिलांवरचं पीक), पिलबागानंतर लगेच नवती (नवी लागवड), असं दहा वर्षं चाललं की केळीच्या मुळावर जगणारे शत्रू साठतात. सूत्रकृमी आणि फ्युजेरियमसारख्या बुरश्या त्यांत मुख्य. त्यांना आवर घालणारी ट्रायकोडर्मा बुरशी, चांगले स्युडोमोनास जिवाणू यांना मात्र कुजणारं खाद्य हवं असतं, ते मिळत नाही. तपासायला सोपं आहे: पाच-सहा झाडांची पेन्सिलीएवढी मुळं काढा, धुवा, उभी चिरा. आतून पांढरी असली तर ठीक. लालसर-तपकिरी पट्टे असले तर मूळ पोखरणारी सूत्रकृमी, गाठी असल्या तर गाठी करणारी. दोन्हीत मुळासकट मातीचा नमुना प्रयोगशाळेत द्या.

चौथं कारण खोडं. घड कापल्यावर एकरी साधारण २५ ते ३० टन ओलं खोड निघतं. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असलं तरी दोन-तीन टन सुकं द्रव्य आणि भरपूर पालाश असतो. ते रस्त्याकडेला किंवा नाल्यात फेकणं म्हणजे विकत घेतलेला पालाश गावाबाहेर टाकणं. खोड उभं चिरा, मग वीतभर तुकडे करा, दोन ओळींमध्ये पसरा. उभं चिरलं की खोडात सोंडकिडा वाढत नाही. करप्याची पानं आणि मर लागलेली झाडं यांना मात्र हे लागू नाही. करप्याची पानं वेगळी काढून खड्ड्यात मातीखाली कुजवा. मर असलेलं झाड जागेवरच नष्ट करा, त्याची खोडं किंवा कंद दुसऱ्या वावरात नेऊ नका, अवजारं धुवा.

केळीत खंड पाडणं हा या तीन एकरांचा मुख्य उपाय आहे. तिन्ही एकर एकदम नको. दरवर्षी एक एकर मोकळा करा. जूनमध्ये ताग पेरा, एकरी २० ते २५ किलो बी. ४५ ते ५० दिवसांनी, फुलकळी दिसताच गाडा. उशीर झाला की खोड लाकडासारखं होतं, कुजायला वेळ लागतो आणि पुन्हा नत्र ओढलं जातं. गाडल्यावर १०-१५ दिवस ओल ठेवा. मग रब्बीत दादर किंवा मका घ्या, त्याचे धसकट तिथेच ठेवा, आणि पुढच्या मृगात केळी. मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी सापडली असेल तर त्या वर्षी मूग आणि हरभरा टाळा, तिला ती पिकं आवडतात. त्याऐवजी ताग आणि नंतर झेंडू घ्या.

नवी केळी लावल्यावरही पहिले दोन महिने ओळींमधली जागा मोकळीच असते. तिथे ताग टाका, ४० दिवसांनी कापून तिथेच आच्छादन म्हणून पसरा. काकडी, दोडका, टोमॅटो, मिरची, वांगी ही आंतरपिकं मात्र केळीत नकोत. मोझॅक विषाणूला त्यांत आसरा मिळतो.

स्फुरदाबद्दल एक वेगळं वाक्य. परीक्षणात उपलब्ध स्फुरद जास्त आला असेल तर वर्षभर स्फुरद थांबवण्यात धोका नाही, उलट मायकोरायझा आणि जस्त दोन्हींना उसंत मिळते.

बाटली कुठे कामाला येते

सरसकट निरुपयोगी म्हणणं चूक होईल. जिथे तो विशिष्ट जिवाणू जमिनीत मुळातच नाही, तिथे फरक ठळक दिसतो. सोयाबीन पहिल्यांदा घेताय, तर तिचं रायझोबियम आपल्या जमिनीत सहसा नसतं. बीजप्रक्रिया केलीच पाहिजे. हरभऱ्याचंही रायझोबियम वेगळं आहे, वर्षानुवर्षं हरभरा नसलेल्या वावरात ते लावा. मूग, उडीद, तूर, चवळी यांच्या गटाचे जिवाणू मात्र बहुतेक जमिनीत असतातच, तिथे फरक कमी दिसेल. प्रमाण १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. क्रम पाळा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू, आणि सावलीत सुकवून लगेच पेरणी. तीस-चाळीस दिवसांनी रोप हलक्या हाताने खणून गाठ चिरा. आतून गुलाबी असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर गाठ आहे पण नत्र नाही.

ट्रायकोडर्मा थेट ठिबकातून सोडण्यापेक्षा १ ते २ किलो ट्रायकोडर्मा १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, सावलीत ओलसर पोत्याखाली १०-१५ दिवस ठेवा, मधे एकदा हलवा, मग लागवडीच्या खड्ड्यात द्या. तो शेणखतावर वाढून, खाद्य बरोबर घेऊनच जमिनीत जातो. ताम्रयुक्त बुरशीनाशकाची आळवणी केली असेल तर दोन आठवडे थांबा.

जीवामृताबद्दल विचारलं जातंच. २०० लिटरमध्ये १० किलो शेण, २ किलो गूळ, २ किलो बेसन असतं. काडीकचऱ्याचं आच्छादन असेल तिथे ते कुजण्याला चालना देतं. उघड्या जमिनीवर ओतलं तर चार दिवस चहल-पहल होते आणि थांबते. त्यात कर्ब फक्त काही किलो आहे, आणि जमिनीची भूक टनांत आहे. किती टन, तेही पाहा: सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर एकरी ८०० किलो कर्ब टिकून राहिला पाहिजे. सुक्या काडीत ४० टक्के कर्ब धरा, त्यातला १० ते २० टक्केच दोन वर्षांनी मातीत उरतो. म्हणजे १० ते २० टन सुकी काडी लागते. एका वर्षात हे होणार नाही. केळीची खोडं, ताग, दादरची मुळं, दोन वर्षांतून एकदा एकरी ५ टन शेणखत, असं मिळून पाच-सहा वर्षांत होऊ शकतं. कच्चं शेण मात्र वावरात नेऊ नका, त्यात हुमणी येते.

घरी करायच्या तीन चाचण्या

तिन्ही तुकड्यांतून बोराएवढी तीन-तीन ढेकळं सावलीत वाळवा. तीन काचेच्या ग्लासांत आरओचं किंवा पावसाचं पाणी घ्या. बोअरच्या पाण्यातले क्षार निकाल लपवतात. ढेकूळ अलगद सोडा, हलवू नका. पाच मिनिटांत ढासळून ढीग झालं पण वरचं पाणी स्वच्छ राहिलं, तर सेंद्रिय बांधणी कमी आहे. उपाय वर सांगितलेले. काही तासांत पाणी दुधाळ झालं, तर सोडियम वाढलेला आहे, जमीन चोपण होतेय, आणि तिथे नुसत्या जिवाणूंनी किंवा शेणखताने भागणार नाही. विनिमययोग्य सोडियम तपासा. तो १५ टक्क्यांच्या वर असला तर जिप्सम आणि निचरा दोन्ही लागतात. चर न काढता टाकलेलं जिप्सम तिथल्या तिथे पडून राहतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात भूजल खोल गेलं आहे, त्यामुळे नवीन खोल बोअर मारला असेल तर पाण्याची विद्युत वाहकता आणि सोडियम आधी तपासा. चांगल्या वावराला खराब पाण्याने दोन-तीन हंगामांत चोपण आणता येते.

दुसरी चाचणी मांजरपाटाची. कोऱ्या, न रंगवलेल्या मांजरपाटाच्या १० बाय ३० सेंटिमीटरच्या पट्ट्या जुलैत उभ्या पुरा, वरची कड थोडी बाहेर ठेवा, शेजारी खुंटी ठोका. प्रत्येक तुकड्यात तीन पट्ट्या. ५० दिवसांनी काढून अलगद धुवा. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. जिथे चाळणी झाली तिथे कुजवणारे सूक्ष्मजीव जागे आहेत. केळीत पट्टी लवकर कुजली तर लगेच खूश होऊ नका, तिथे नत्र आणि ओल दोन्ही जास्त असल्याने ते होणारच. ही तुलना त्याच वावराची पुढच्या वर्षीशी करा.

तिसरी: ऑगस्ट-सप्टेंबरात वाफशावर एक फूट लांब-रुंद-खोल माती काढून पोत्यावर पसरा आणि गांडुळं मोजा. आठ-दहा निघाली तर समाधान माना. कपाशीत एक-दोन आणि पडिकात दहा-पंधरा असा फरक दिसला तर नवल नाही.

फरक कधी दिसेल? ढेकळाची चाचणी आणि मांजरपाट पहिल्या-दुसऱ्या हंगामात बदलतात. प्रयोगशाळेतला सेंद्रिय कर्ब हलायला चार-पाच वर्षं लागतात. एका वर्षात ०.०५ चा चढ-उतार नमुन्याच्या फरकानेही येतो, त्यावर निर्णय घेऊ नका. नमुना दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच खोलीवरून, त्याच दहा-बारा ठिकाणांहून घ्या, आणि केळीत ड्रिपरखालचा व ओळींमधला वेगवेगळा ठेवा. दोन्ही एकत्र केलेला नमुना काहीच सांगत नाही.

खत एकदम निम्मं करू नका. आधी चार ओळींत नत्र पाव हिश्शाने कमी करा, शेजारच्या चार ओळी पूर्वीप्रमाणे ठेवा, घडांचं वजन घ्या. फरक नसेल तर पुढच्या लागवडीला तेच प्रमाण पूर्ण एकरात न्या, आणि पुन्हा चार ओळींत आणखी कमी करून पाहा.

शेवटी गाळ, कारण उन्हाळा आला की धरणा-तलावातला गाळ टाकायचा विचार होतोच. तुमच्या गटातल्या भारी काळ्या जमिनीत तो टाकू नका. गाळात चिकणमाती जास्त आणि त्याचे सूक्ष्मजीव पाण्याखाली हवेविना वाढलेले असतात. आधीच चिकट असलेल्या जमिनीत निचरा आणखी बिघडतो. पायथ्याशी मुरमाड, हलकी, उथळ जमीन असेल तर तिथे तो चांगला. एप्रिलमध्ये ५ सेंटिमीटरचा थर, म्हणजे एकरी सुमारे २०० घनमीटर किंवा ७० ब्रास, पसरवून उन्हात पूर्ण वाळू द्यावा, पहिल्या पावसानंतर वखराने मिसळावा, आणि त्या वर्षी त्यात कपाशी न लावता उडीद किंवा ताग घ्यावा.